वाजतगाजत

“कौतुक करायचं, श्रुतिकाच्या आई. एवढंसं काही जमलं तरी कौतुक करायचं. पेल्याला नुसता हात लावला तरी करायचं. विसरायचं नाही.”

सारिका मॅडमचं हे बोलणं दर्शनाला तोंडपाठ झालं होतं. महाडात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, एका दवाखान्याच्या वर मॅडमची खोली होती. खाली रंगीत चटया, कोपऱ्यात चेंडूंची टोपली. श्रुतिका पाचवं संपवत आली तरी बोलत नव्हती. नजरेला नजर देत नव्हती, आणि हाक मारली तर भिंतीला मारल्यासारखी वाया जायची. वाडीत कोणी म्हणे मुकी हाय, कोणी म्हणे बाहेरचं लागलंय. मॅडमनी नीट नाव सांगितलं, ऑटिझम. आजार नव्हे हा, तिची घडणच वेगळी आहे म्हणाल्या. आणि निघताना जिन्यापर्यंत येऊन हे कौतुकाचं सांगितलं.

दर्शना पोलादपूरची, बारावी झालेली. सांगितलेलं नेमाने करणं तिच्या अंगातच होतं. सोमवार, संकष्टी, पहाटे देवापुढे दिवा आणि पोथीचं एक पान, हे सासरी आल्यापासून कधी चुकलं नव्हतं. कोणावर आवाज चढवायचा नाही, हाही तिने मनाशी धरलेला एक नेमच होता, फक्त त्याचं उद्यापन कधी होत नसे. तेव्हा कौतुक करायचं म्हटल्यावर तिने तेही नेमासारखंच धरलं. अडचण एवढीच, की वरंधच्या रस्त्याला लागून असलेल्या त्यांच्या वाडीत कौतुक एकट्याने करायची रीत नव्हती.

पेल्याचंच घ्या. श्रुतिका बाटलीशिवाय पाणी पीत नसे. एका दुपारी तिने स्टीलचा पेला दोन्ही हातांनी धरला आणि घोटभर पाणी प्यायली. दर्शनाने हरखून सासूला हाक मारली. सासू आवडी, घरात सगळ्यांची आये, चुलीपुढून उठून आली आणि तिने जी आरोळी ठोकली ती खालच्या आळीला ऐकू गेली.

“अगो माझे बायोऽ! पेल्यान प्याली गो!”

शेजारणी धावत आल्या. टाळ्या झाल्या. आयेने निरांजन लावून नातीला ओवाळलं. कोणीतरी मोबाईल काढला. “परत पी गो, परत पी, मुंबईच्या काकाला दाव.” मग एवढ्या जणींची नजर लागली असणार म्हणून आयेने मीठ, मोहरी आणि मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. तडतड उडाली, धूर झाला, सगळ्यांना ठसका लागला. श्रुतिकाने दोन्ही कान दाबून धरले आणि ती कॉटखाली शिरली. त्या दिवसापासून पेला पुढे केला की ती मान फिरवायची. परत बाटलीच.

चपलेचं तसंच. श्रुतिकाने एकदा आपण होऊन पायात चपला सरकवल्या, त्याही बरोबर पायात. त्या दिवशी सुशांत, तिचा बाप, घरी होता. तो एमआयडीसीत औषधाच्या कारखान्यात कामाला, पाळीवरून येऊन नुकताच टेकला होता. झोप विसरून तो उठला आणि टाळ्या वाजवत अंगणभर नाचला. “वा रे माझी वाघीण!” म्हणत त्याने लेकीला खांद्यावर घेतली. मग चपला काढून, “घाल बघू परत” असं चालू झालं. श्रुतिकाने चपला उचलल्या, गोठ्याकडे गेली आणि दोन्ही शेणकीत टाकून आली. आता चपला दिसल्या तरी पाय आखडून घेते.

“पोरीची नजर काढलीस का नीट?” सुशांतने आईला विचारलं होतं.

“काढली तर! या खेपेला मिरच्या जळल्या पण वास नाय आला. एवढी कडक नजर होती.”

दर्शना आतल्या आत जळत होती. जे काही फुटायचं, ते फुटल्या दिवशीच खुडलं जात होतं, आणि खुडणारे हात मायेचे होते. सांगणार कोणाला आणि काय? तुमच्या आनंदाने माझी पोर मागे जाते, असं कसं म्हणायचं? एकदा तिने हळूच म्हणून बघितलं, “आये, तिला गोंगाट सोसत नाही वाटतं.” त्यावर आये म्हणाली, “सवय नाय म्हणून. लोकांत ऱ्हायली की होईल सवय.” आणि त्या संध्याकाळी तिने हळदीकुंकवाला श्रुतिकाला मुद्दाम मधोमध बसवलं.

माघात एकदा आये स्वतः मॅडमकडे आली. दोघी सासू-सुना एसटीतून उतरून चालत गल्लीत गेल्या. श्रुतिका दर्शनाच्या पदराचं टोक तोंडात धरून मागे. मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, “काय नवीन?”

“कायएक नाय,” आयेच बोलली. “जमत होतं ते पण सोडलान पोरीने.”

“कौतुक करता ना पण?”

“करतो तर! अख्खी वाडी करते.”

मॅडमचा पेन हातातच राहिला. मग त्यांनी समजावून सांगितलं. श्रुतिकाला आवाज टोचतात, कानात टाचणी टोचावी तसे. टाळ्या नकोत, गर्दी नको, परत परत करायला लावणं नको. तिला जे आवडतं तेच तिचं कौतुक. नुसतं शेजारी बसलात तरी पुरे. दर्शनाला वाटलं, चला, मोठ्या माणसाच्या तोंडून आलं, आता तरी. पण आयेचं तोंड उतरलं होतं. परतताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “लोकांच्या पोरांना टाळ्या चालतात. माझ्याच नातीला काय म्हणून नकोत? आम्ही आनंद पण नाय करायचा?”

प्रश्न खोटा नव्हता.

त्यातून नवस होताच. मॅडमनी पहिल्यांदा ऑटिझमचं नाव सांगितलं, त्या आठवड्यात आये गावदेवी काळकाईपुढे उभी राहून बोलली होती. दर्शना तेव्हा मागे उभी होती, तिने शब्द न शब्द ऐकला होता. “आई काळकाई, पोर बोलली नाय तरी चालंल. पण आपल्या हाताने जेवू दे. जेवली, तर शिमग्यात तुझी पालखी माझ्या अंगणात वाजतगाजत नाचवीन, आणि तिच्याच हाताने तुझी ओटी भरीन.” देवळातून बाहेर पडल्यावर दर्शनाने विचारलं होतं, बोलण्याचं नाही आणि जेवण्याचंच का मागितलं? आये म्हणाली, “बोलली नाय तर कोणाचं काय अडणार नाय. पण तू आणि सुशांत हाव तवर भरवाल. मागून कोण भरवंल गो तिला?”

म्हणून आयेचा राग धरायची सोय नव्हती. हेच तर खरं दुखणं होतं.

आणि मग, शिमगा जवळ आला असताना, ते झालं.

दर्शनाने मागच्या पडवीत श्रुतिकाला बसवलं होतं. पुढ्यात ताटलीत तांदळाची भाकरी, तुकडे करून. भरवायचं म्हणून ती बसणार, तोच वाऱ्याने दोरीवरची कापडं उडाली. ती धावली. कापडं गोळा करून आली, तर श्रुतिकाच्या बोटांत भाकरीचा तुकडा. तो तिने उलटसुलट करून बघितला, ओठांना लावला आणि तोंडात टाकला. चावला. मग दुसरा उचलला.

दर्शनाची हाक घशापर्यंत आली होती, आये, लवकर या! तिने कापडांच्या गोळ्यात तोंड खुपसलं आणि भिंतीकडे वळून उभी राहिली. मागे बारीक चावल्याचा आवाज येत होता. जन्मात एवढा मोठा सण तिने कधी केला नव्हता, आणि तो असा, ओल्या चादरीत तोंड घालून, मुकाट. डोळ्यांतलं पाणी चादरीने टिपलं. वळून बघितलं तेव्हा ताटली रिकामी होती आणि श्रुतिका तिच्या कडेवरून बोट फिरवत बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिने तसंच केलं. आये गोठ्यात गुरांकडे गेली की मागची पडवी, ताटली, आणि आपण पाठ करून भांडी घासायची. श्रुतिका जेवायची. रोज नाही, पण जेवायची. पुढे भाकरीबरोबर सुका भात, शीत शीत वेचून. आये परत आली की विचारी, “भरवलंस का पोरीला?”

“हो, आये.”

हे दोन शब्द तिला काट्यासारखे रुतायचे. आयुष्यात खोटं बोलायची वेळ तिने कधी येऊ दिली नव्हती. आणि हे खोटं नुसतं सासूशी नव्हतं. नवस पावला होता. देवीने आपलं केलं होतं, माणसांनी करायचं राहिलं होतं, आणि ते दर्शना अडवून धरून बसली होती. पहाटे दिवा लावताना काळकाईच्या टाकाकडे तिला वर बघवेना. पोथीच्या ओळी नुसत्या डोळ्यांखालून जात. सांगावं, तर ढोल, ताशे, गुलाल, अंगणभर माणसं आणि मधोमध श्रुतिका. आणि दुसऱ्या दिवसापासून ताटलीकडे फिरवलेली मान. न सांगावं, तर देवीची चोरी. एकीकडे पोरीचा घास, दुसरीकडे देवीचा शब्द. “आई, विसरले नाही मी,” ती पुटपुटायची, “जरा थांब. तिचं मुरू दे.” पण किती थांब, हे तिला तरी कुठे ठाऊक होतं? चिडचिड व्हायची. भांडी घासताना नको इतक्या जोराने घासली जायची. सुशांतने एकदा विचारलं, “तुझं काय बिनसलंय?” तर “काही नाही” म्हणाली, आणि मग त्याचाही राग आला, की काही नाही म्हटल्यावर याने खरंच कसं ऐकलं.

होळीच्या आदल्या दिवशी मुंबईहून धाकटा दीर गणू आला. घाटकोपरला एका दुकानात कामाला, दर शिमग्याला यायचाच. त्याच्या येण्याने घर भरून जायचं. त्याचं हसणं मोठं, बोलणं मोठं, मोबाईलवरचं गाणंही मोठं.

“वैनी, टेन्शन नको घेऊ हा! पोरगी एकदम फर्स्ट क्लास होणार. मुंबईत आमच्या चाळीतला एक पोरगा, सेम असाच होता, आता रिक्षा चालवतो!”

“कानाला हेडफोन लाव रे गण्या,” येसाजी, दर्शनाचा सासरा, दारापुढच्या खळ्यातून म्हणाला. “रिक्षा तूच चालवतोस असं वाटतं.”

होळीच्या रात्री होम लागला. दुसऱ्या दिवशी पालखी देवळातून निघून सहाणेवर बसली. सहाण म्हणजे वाडीच्या वरच्या अंगाचा दगडी चौथरा, पालखीच्या विसाव्याचा. तिथून ती पुढच्या दिवशी घरोघर जायची. दुपारी वाडी निवांत होती. आये सहाणेवर गेलेली बघून दर्शनाने मागच्या पडवीत ताटली ठेवली आणि पाठ करून तांदूळ निवडायला बसली.

गणू हात धुवायला म्हणून मागे आला. क्षणभर उभाच राहिला. आणि मग,

“आयेऽऽ! आयेऽ! अगो ये लवकर! श्रुती हाताने जेवते गो! काय बात हाय! थांब थांब, वैनी, सरक बाजूला, व्हिडिओ काढतो!”

श्रुतिकाच्या हातातला घास तिथेच राहिला. गणू मोबाईल तोंडाशी नेऊन, “खा ना बाळा, खा, हे बघ, काका” म्हणत होता, टाळी वाजवत होता, खरंच त्याचे डोळे भरून आले होते. श्रुतिकाने ताटली दोन्ही हातांनी उलटी केली. भात सारवणावर पसरला. मग कान दाबून ती पुढे-मागे डोलायला लागली, घशातून तोच एक बारीक सूर काढत, जो लागला की पुष्कळ वेळ थांबायचा नाही.

“भाऊजी, बंद करा तो फोन,” दर्शना म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता म्हणून गणूला तो ऐकू आला नाही.

आये धापा टाकत आली. सांडलेल्या भाताकडे, नातीच्या बोटांना चिकटलेल्या शितांकडे तिने बघितलं. हात जोडून वर बघितलं. “आई काळकाई! पावलीस गो बाय!” आणि रडायलाच लागली. रडता रडता थांबली.

“आज पयल्यांदा?”

दर्शना वाकून सांडलेला भात गोळा करायला लागली.

“दर्शना, तुला विचारते. आज पयल्यांदा का?”

“नाही, आये. बरेच दिवस झाले.”

गणूने मोबाईल खाली घेतला. आयेचा चेहरा हळूहळू दगडासारखा झाला.

“रोज मी विचारत होते. रोज तू हो म्हणत होतीस.”

“सांगितलं असतं तर ती थांबली असती. पेल्याचं काय झालं, चपलेचं काय झालं...”

“माझ्यापासून लपवलंस, ते सोड. मी म्हातारी, मला काय कळतं! पण देवीपासून? तू? सोमवार करणारी? नवस पावल्यावर तोंड लपवून बसायचं? उद्या काय झालं पोरीला, तर दोष कोणाच्या पदरात टाकशील?”

दर्शनाला तेच तर भय होतं. बोललेलं ऐकल्यावर ते आणखी मोठं झालं.

संध्याकाळी मुरारी आला, ढोलवाल्यांचा म्होरक्या. आयेने निरोप धाडला होता. खळ्यात उभा राहून हसत म्हणाला, “आवडीवैनी, उद्या पालखी अशी नाचवतो तुझ्या दारात, की वरंधपत्तर आवाज जाईल. नवे ढोल आणलेत. पोरीला उचलून पालखीखालून पण काढू.”

“काढ,” आये म्हणाली. “नवस हाय.”

आत श्रुतिका कोपऱ्यात बसून होती. दुपारपासून तिने काही घेतलं नव्हतं. हाताने नाहीच, पण दर्शना भरवायला गेली तर दात घट्ट मिटून घेतले. रोज भरवून घेणारी पोर आता तेही नाही. दर्शनाने पेज केली, भाकरी केली, गूळ दिला. दर वेळी तेच. सुशांत पाळीवरून आला, सगळं ऐकलं आणि माळ्याच्या शिडीला टेकून म्हणाला, “आयेचं मन नको मोडूस. एका दिवसाचा तर प्रश्न हाय.”

“तुमचा एका दिवसाचा. तिचा नाही.”

“मग काय करू? देवीला नको म्हणू?”

दर्शना उठली. खळ्यात आली. आये ओटीचं सामान काढत होती, खण, नारळ, सुपारी, हळकुंड. गणू आणि मुरारी चहा पीत होते.

“आये, उद्या ढोल नकोत.”

“काय म्हणालीस?”

“ढोल नकोत. ओटी भरू. पालखी येऊ दे, पण शांत येऊ दे.”

“पालखी कधी शांत येते गो?” मुरारी हसला. “मयताला शांत जातात, पालखीला नाय.”

“वाजतगाजत म्हणून बोललेय मी,” आये म्हणाली. “माझ्या तोंडाने बोललेय. देवीशी बोललेलं फिरवायचं?”

आणि तेव्हा दर्शनाचा नेम मोडला.

“देवी बहिरी आहे का?” ती ओरडली. सुशांत आतून धावत आला. “ढोल वाजल्याशिवाय तिला ऐकू येत नाही? पोरीने घास उचलला तेव्हा तिने बघितला की नाही? मी बघितला, भिंतीकडे तोंड करून! टाळी नाही वाजवली, हाक नाही मारली, रडले तरी आवाज नाही केला! मला नव्हता आनंद करायचा? तुम्हा सगळ्यांना नाचायचंय, नाचा! पण तिचा घास जातो त्यात. दर वेळी जातो. आणि मग तुम्ही म्हणता नजर लागली. नजर नाही लागत हो, आपण लागतो तिला!”

आत श्रुतिकाचा बारीक सूर पुन्हा सुरू झाला. आईच्याच आवाजाने. तो ऐकून दर्शना तोंडावर हात धरून खाली बसली.

मुरारीने कप खाली ठेवला. “येतो मी, वैनी,” म्हणून गेला. ओटीचं सामान आयेने पदराखाली घेतलं, आत गेली आणि त्या संध्याकाळी कोणाशीच बोलली नाही. जेवलीही नाही. घरात दोघी उपाशी निजल्या, एक सहा वर्षांची होऊ घातलेली आणि एक साठी ओलांडलेली, आणि दर्शनाला दोघींपैकी कोणालाच एक घास भरवता आला नाही.

पहाटे ती दिवा लावायला उठली तर देवापुढे दिवा लागलेला होता. आयेचं अंथरूण रिकामं. श्रुतिकाचंही. दर्शना मागच्या पडवीकडे धावली आणि दारातच थांबली.

श्रुतिका भिंतीशी बसली होती. पुढ्यात ताटली, ताटलीत भाकरीचे तुकडे. आणि तिच्याकडे पाठ करून, कुडाकडे तोंड करून, आये बसलेली. गुडघ्यांभोवती हात, ओठ घट्ट मिटलेले. बोलल्याशिवाय ज्या बाईला श्वास घेता येत नाही असं येसाजी म्हणायचा, ती बाई कुडाकडे बघत बसली होती. किती वेळ बसली असेल कोणास ठाऊक. ताटलीतल्या एकाही तुकड्याला हात लागला नव्हता. श्रुतिका नुसतं ताटलीच्या कडेवरून बोट फिरवत होती.

दर्शनाला बघून आयेने हळूच मान हलवली. नाय, म्हणून.

बाहेर कोंबडे आरवले. आये गुडघ्यावर हात टेकून उठली, बाजूला ठेवलेलं ओटीचं ताट घेतलं आणि दर्शनाजवळ येऊन कुजबुजली. तिचं कुजबुजणं दर्शनाने पहिल्यांदाच ऐकलं.

“सहाणेवर आता कोण नाय. ढोलकरी पडलेत रात्री नाचून. गुरव एकटा हाय, तो पण पेंगत असंल. हिला घेऊन जाते.”

“आये, नवस तर वाजतगाजत...”

“ओटी तिच्या हाताने, ते होईल. पालखी नाचवायची ऱ्हायली, ती ऱ्हायली. तेवढा बोल माझ्या माथी. देवी रागावली तर मला रागावंल. माझं काय, पिकलं पान मी. मी बोलले, मीच भोगीन.”

“मी येते सोबत.”

“तू नको. तू आलीस की ती तुझा पदर धरंल, आणि ओटीला हात मोकळा ऱ्हायचा नाय. आणि मुरारी आला दारात तर त्याला तूच थांबव. काल ओरडलीस ना? तशीच ओरड. सांग, आवडीने ओटी भरली, आता पुढच्या घराकडं जा.”

“आणि गणूभाऊजी?”

“त्याचा फोन मी पिठाच्या डब्यात टाकलाय.”

दर्शनाला हसू आलं नाही. पोर अजून उपाशी होती. ती सहाणेवर बसेल का, पालखीला बघून ओरडेल का, संध्याकाळी ताटलीत हात घालेल का, की हेही पेल्यासारखंच गेलं, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आयेलाही नव्हतं. तिच्या डोळ्यांखाली रात्रभराचं काळं दिसत होतं.

आये श्रुतिकाजवळ जाऊन बसली. ये म्हणाली नाही, हात धरला नाही. ओटीचे तांदूळ तिने नातीच्या ओंजळीजवळ नेले. श्रुतिकाने थोडा वेळ बघितलं, मग एक मूठ भरून घेतली आणि मूठ मिटली. आये उठून चालायला लागली, तशी ती मागून उठली. अनवाणी.

कुंपणाच्या फाटकापाशी आये थांबली. हातातल्या काचेच्या बांगड्या तिने कोपराकडे सरकवल्या, त्या किणकिणू नयेत म्हणून त्यांवर पदर गुंडाळला, आणि काजूंच्या झाडांमधून वर जाणाऱ्या वाटेवर नातीच्या एक पाऊल पुढे, मागे वळून न बघता, ती हळूहळू निघाली.